हलकं काम

फोटोग्राफरच्या दुकानाच्या काचेत दलेंदाला स्वतःचा चेहरा दिसला, तेव्हा तिला आधी वाटलं, आपलंच प्रतिबिंब पडलंय. मग लक्षात आलं की काचेतली बाई हसतेय. दोन्ही हात डोक्याच्या वर, बोटं फाकलेली, कमरेला बांधलेला जरीचा रुमाल एका अंगाला उडालेला, आणि तोंड एवढं उघडलेलं की मागची सोन्याची दाढ दिसावी. फोटो चांगला हातभर उंच होता. आजूबाजूला नवऱ्यामुली होत्या, सुंतेच्या लाल टोप्या घातलेली पोरं होती, लष्करी गणवेशातला कुणाचा तरी मुलगा होता; पण मधोमध, सगळ्यांना बाजूला सारून, ती होती. मागून हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडला, गाडीचा दांडा तिच्या कमरेला घासून गेला, तरी ती हलली नाही. रस्त्याच्या त्या टोकाला विम्याची कचेरी होती, कचेरीच्या वरच्या मजल्यावर थोड्या वेळानं डॉक्टरांचं बोर्ड बसणार होतं, आणि त्या बोर्डापुढे दलेंदाला सांगायचं होतं की माझे हात वर जात नाहीत.

जात नव्हतेच ते. सकाळी घरातून निघताना सेफसारीची पांढरी चादर डोक्यावरून घ्यायची, तर डावा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच रुसून बसला. शेजारच्या मुलीला हाक मारून चादर घ्यावी लागली. पोरीनं ती घाईघाईनं, गाठोडं बांधावं तशी बांधली. सकाळ ही तिची सगळ्यात वाईट वेळ. रात्रभर कुणीतरी सांध्यासांध्यात ओली वाळू भरून ठेवावी तसं अंग जड होऊन जायचं, दुधाच्या पातेल्याचा कान धरवायचा नाही, दाराची कडी दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून ओढावी लागायची. मग ऊन चढलं की हळूहळू ती वाळू ओसरायची आणि दुपारच्या सुमारास तासभर असा यायचा की लोकांनी बघितलं तर म्हणावं, हिला काय झालंय? बोर्ड बसायचं ते नेमकं त्या तासाला. पहाटे बसलं असतं तर तिला एक शब्दही बोलावा लागला नसता. पण डॉक्टर लोक पहाटे उठून कुणाचं दुखणं बघायला येतात?

आणि तो फोटो तरी खोटा कुठं होता? सिहेमचं लग्न. एकच मुलगी. नवरा लिबियात कामाला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा सिहेम रांगत होती. तिला वाढवली ती तारलीच्या कारखान्यात उभं राहून, बर्फाच्या पाण्यात हात घालून. लग्नाच्या संध्याकाळी अंगणात भला मोठा मासा मांडला, रिवाजाप्रमाणे नवरा-नवरीनं तो ओलांडला, पोरीचा पाय अडखळला आणि सगळ्या बायका किंचाळत हसल्या, डफ वाजायला लागले, आणि कुणीतरी ओरडलं, "आई! नवरीची आई!" दलेंदाला ते आधीपासून माहीत होतं. ही हाक येणार हे माहीत होतं म्हणूनच दुपारी तिनं न्हाणीघरात जाऊन गोळ्यांची बाटली तळहातावर उपडी केली होती. रोजची एकच, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. त्या दिवशी तिनं मोजल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत अंगात असं काही पेटलं की गुडघे कुणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटायला लागले. ती उठली. हात वर गेले. वर गेले आणि वरच राहिले! एक गाणं संपेपर्यंत ती नाचली, आणि त्या गाण्यात तिला ना मुलगी दिसत होती ना पाहुणे, फक्त स्वतःच्या मनगटांवरून वारा गेलेला कळत होता. दुसऱ्या दिवशी ती पलंगावरून उठली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मुलीच्या सासरी जाऊन तिला भेटायचा दिवस आला आणि गेला. मिठाईचा डबा शेजारणीच्या हाती पाठवून द्यावा लागला. विहीणबाई म्हणाल्या म्हणे, नाचायला बरं जमलं.

त्याच गोळ्यांनी तिचे गाल भरले होते. चेहरा कसा, भाकरीसारखा गोल, गुलाबी. जन्मभर वाळक्या चेहऱ्याची म्हणून ओळखली जाणारी दलेंदा आजारी पडल्यावर देखणी झाली. गल्लीतल्या बायका दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडत म्हणायच्या, "आजारपण मानवलं गं तुला." ती हसायची. काय बोलणार? हाडं कुरतडली जातायत आणि वरून कातडी चमकतेय, हे कुणाला कसं समजावायचं!

ती दुकानात शिरली. फोटोग्राफर सी शेदली फोटोच्या कडा कातरत बसला होता. तिला बघून त्यानं कात्री खाली ठेवली.

"या, या, सिहेमची आई! बघितलात ना? मी म्हटलंच होतं बायकोला, एक दिवस येतील आणि लाजतील."

"सी शेदली, तो फोटो काढा तिथनं."

"काढू? अहो, तो लावल्यापासून गिऱ्हाईक वाढलंय माझं. परवा एक बाई आल्या, म्हणाल्या मुलीच्या लग्नात माझाही अस्साच काढा. म्हटलं, बाई, मी काढीन हो, पण आधी तुम्ही असं नाचा तर!"

"माझं ऐका. काढा."

"कुणी बोललं का काही? जावई?"

"जावई कशाला बोलेल?"

"मग? एवढा जिवंत फोटो मी आयुष्यात काढला नाही, खरं सांगतो. लोक थांबून बघतात."

"तेच नको आहे," ती म्हणाली. आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, खरं ते सांगून टाकलं. "आज माझं बोर्ड आहे. आजारपणाच्या पैशांचं. विम्याच्या कचेरीत."

सी शेदलीनं आधी तिच्याकडे बघितलं, मग काचेकडे, मग पुन्हा तिच्या गालांकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरलं. ती त्याच्या रागाला तयार होती, नकाराला तयार होती. या हसण्याला तयार नव्हती. त्यानं एक डोळा बारीक केला.

"मग तसं सांगा की! एवढं आढेवेढे कशाला? अहो माझा मेहुणा पाठ धरून दोन वर्षं घरी बसलाय, आणि जैतुनाची झाडं बघा त्याची, कशी झालीत! सरकारचे पैसे, आपल्या बापाचं काय जातंय? थांबा, आत्ता काढतो." तो चवड्यांवर उभा राहून काचेच्या आत वाकला, चिमटे सोडवले, फोटो उलटा करून गल्ल्याच्या मागं भिंतीला टेकवून ठेवला. "माझ्या तोंडातून अक्षर जायचं नाही. जा बिनधास्त. आणि जरा लंगडा हं जिना चढताना."

तिला म्हणायचं होतं, तुम्ही समजताय तसं नाही. मला खरंच आहे. पण फोटो निघाला होता, काम झालं होतं, आणि आता भांडण काढलं तर तो परत लावेल अशी लहान मुलासारखी भीती वाटली. "देव भलं करो तुमचं," ती म्हणाली आणि बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर तिला कळलं की आपण त्या माणसाशी कसलातरी सौदा करून आलो. खरं सांगितलं आणि लबाड ठरलो. आणि लबाड ठरलो म्हणूनच त्यानं ऐकलं! नुसतं आजारी म्हणून ऐकलं असतं का त्यानं?

कचेरीच्या जिन्याला कठडा होता, पण तिनं धरला नाही. का, ते तिचं तिला कळेना. लंगडायला सांगितलं होतं ना, म्हणून ती ताठ चढली. प्रत्येक पायरीला गुडघ्यात काच फुटल्यासारखं होत होतं, आणि ती ताठ चढत होती, जणू तो डोळा बारीक केलेला माणूस खालून बघतोय. वरच्या व्हरांड्यात बाकं होती आणि बाकांवर माणसं. काठ्या, पट्टे, प्लास्टर, हिरवट चेहरे. नवीन कुणी आलं की सगळे मान वळवून आधी बघत, याला काय झालंय, आपल्यापेक्षा जास्त की कमी. एका म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि निवांत होऊन मान फिरवली. तिला त्याचा राग आला, आणि लगेच तिच्या लक्षात आलं की आपणही त्याच्या काठीकडे तशाच नजरेनं बघितलंय.

"अगं दलेंदा! इकडे ये, इकडे!"

मबरूका होती. कारखान्यात दोघी एकाच टेबलावर समोरासमोर उभ्या असायच्या, तारलीची डोकी उडवायच्या, आणि मबरूकाच्या तोंडाचा पट्टा त्या सुरीपेक्षा जोरात चालायचा. पेट्या उचलताना तिची पाठ गेली होती. आज तिच्या केसांचं घरटं झालं होतं, ओढणी कळकट, पायात नवऱ्याच्या चपला.

"हे काय, काजळ घातलंस? पूस आधी ते."

"सवय गं. हात आपोआप जातो."

"हात आपोआप जातो असं आत बोलू नकोस म्हणजे झालं! सवयी घरी ठेवून यायच्या इथं. मी बघ, आठवडाभर केस विंचरले नाहीत. नवरा म्हणाला, घरात भूत शिरलंय. म्हटलं, शिरू दे, भुतालाच मंजूर करतात." तिनं स्वतःच्या ओढणीचं टोक थुंकीनं ओलं करून दलेंदाच्या डोळ्यांखालून फिरवलं. "आणि हे गाल! या गालांचं काय करायचं आता?"

"गोळ्यांनी आलेत."

"मला माहितेय. बरं, आत गेल्यावर डॉक्टर विचारणार, कशा आहात? काय सांगशील?"

"काय सांगणार? अल्हम्दुलिल्लाह."

"मेले! तेच नाही म्हणायचं."

"देवाचे आभार मानायचे नाहीत?"

"बाहेर येऊन मान ना, कोण अडवतंय! आत फक्त, मरतेय हो डॉक्टर. म्हणून बघ एकदा."

"मरतेय," दलेंदा म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं. समोरच्या म्हाताऱ्यानं काठी आपटली तशी मबरूकानं चटकन कमरेवर हात ठेवून कण्हल्यासारखं केलं, आणि दलेंदाला आणखीच हसू आलं. किती दिवसांनी. मबरूकानं पिशवीतून फडक्यात बांधलेली रोटी काढली, हरिसाची तिखट चटणी लावलेली, आणि तिचे तुकडे करून, न विचारता, एकेक दलेंदाच्या तळहातावर ठेवत गेली. रोटीचा तुकडा मोडणं आपल्याला जमत नाही हे हिला कधी सांगितलं होतं? सांगितलं नव्हतं. टेबलापलीकडून तिनं बघितलं असणार. ज्या दिवशी पहिल्यांदा सुरी हातातून गळून बर्फात पडली आणि दलेंदा ती उचलण्याचं नाटक करत वाकून राहिली, त्या दिवशी मबरूका दोघींच्या वाटणीची मासळी कापत राहिली होती, मुकादमाला शिव्या घालत, गाणी म्हणत. दलेंदानं आपला हात नाकाशी नेला. पूर्वी या हातांना तारलीचा वास असायचा. लिंबू लावा, राख लावा, जायचा नाही. सिहेम लहानपणी म्हणायची, तू माझ्या वेणीला हात लावू नकोस. आता महिनोन्‌महिने घरी बसून तो वास निघून गेला होता. हातांना कसलाच वास नव्हता. कुणा दुसऱ्याच बाईचे हात असावेत तसे ते मांडीवर पडले होते.

नाव पुकारलं. आत तिघं होते. मधला म्हातारा, जाड चष्म्याचा. एक गप्प, सतत घड्याळाकडे बघणारा. आणि एक तरुण, नीटस, ज्यानं ती आत येताच उठून खुर्ची पुढं केली. त्या खुर्ची पुढं करण्यानंच घात केला. एवढ्या अदबीनं तिच्याशी कुणी वागलं की तिला अवघडायचं, आणि अवघडली की जुन्या वळणाचे शब्द आपसूक तोंडात यायचे.

"बसा लेल्ला," तो मोठ्या बाईला मानानं म्हणतात तसं म्हणाला. "कशा आहात?"

"अल्हम्दुलिल्लाह, बरी आहे. तुमचं बरं? आई-वडील बरे?"

म्हाताऱ्या डॉक्टरचं पेन हललं. त्यानं 'बरी आहे' असं लिहिलं की दुसरं काही, तिला दिसलं नाही, पण पेन हललं. ती म्हणाली, "म्हणजे बरी नाही. तसं म्हणायची पद्धत..." कुणी वर बघितलं नाही. मग बोटं वाकवून बघणं, मनगट फिरवणं. दुपारची वेळ होती. वाळू ओसरली होती. बोटं सुजलेली होती, पण वाकत होती. वाकू नका, ती मनात म्हणत होती. आज तरी. आपल्याच हातांना असं विनवावं लागतंय याची तिला शिसारी आली. घरी रोज सकाळी ती याच हातांना देवाचं नाव घेऊन उलट विनवायची.

"घरचं कोण करतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मीच. दुसरं कोण आहे?"

"म्हणजे करता येतं."

"करावं लागतं, डॉक्टर."

"औषध लागू पडलंय," म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला. "चेहरा बघा."

तरुण डॉक्टर मघापासून तिच्याकडे जरा निरखून बघत होता. आता त्याचा चेहरा उजळला, जुनी ओळख पटावी तसा. "मी म्हणतच होतो, यांना कुठं पाहिलंय! बाब दीवान वेशीजवळच्या त्या दुकानात तुमचा फोटो आहे ना? मी रोज तिथूनच येतो. फार सुंदर फोटो." मग थोडं थांबून, अगदी सहज, "आज मात्र दिसला नाही. काढायला लावलात का?"

तिला वाटलं आपल्या गालांतलं सगळं रक्त एकाएकी खाली गेलं असावं, आता तरी चेहरा आजारी दिसत असेल. पण तसं काही होत नाही. गोळ्यांचा गुलाबी रंग भीतीनंही उतरत नाही. नाही म्हणावं का? तिला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. मुकादमाशी ती हजारदा बोलली होती. पण इथं खरं सांगायला आल्यावर खोटं कुठून सुरू करायचं ते कळेना.

"हो," ती म्हणाली. "मुलीचं लग्न होतं. एकच मुलगी आहे."

"अर्थात. नाचायलाच हवं," तरुण डॉक्टर म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

"गोळ्या जास्त घेतल्या होत्या त्या दिवशी."

"किती?" म्हाताऱ्यानं मान वर केली.

"बघितलं नाही किती."

"म्हणजे औषध सांगितल्याप्रमाणे घेत नाही तुम्ही."

"एकदाच. आणि नंतर मी पडून होते. उठता येत नव्हतं."

"डॉक्टरला बोलावलं होतं?"

"कशाला बोलावू? काय झालंय ते मला माहीत होतं."

"तुम्हाला माहीत होतं," म्हातारा म्हणाला. त्यानं चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "हलक्या कामाला हरकत नाही. पुढचा."

"हलकं काम म्हणजे कसलं, डॉक्टर? कारखान्यात तारली आहे. बर्फ आहे."

"ते कारखाना ठरवेल. आम्ही हात तपासतो बाई, कारखाने नाही तपासत."

तरुण डॉक्टरनं तिच्यासाठी दार उघडून धरलं. बाहेर मबरूकानं तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. नंतर ती आत गेली आणि थुंकी गिळायच्या आत बाहेर आली. "पाठीला काही नाही म्हणतो. आणि केस विंचरत जा म्हणतो, उवा होतील!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की व्हरांड्यातले सगळे, तो काठीवाला म्हातारासुद्धा, हसले. जिना उतरताना मात्र तिनं दलेंदाचा दंड धरला, आणि दलेंदाला ते बरं वाटलं. कोण कुणाला सावरतंय ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

सिहेम दुसऱ्या दिवशी आली. हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. सगळं ऐकून घेतल्यावर ती एकदम भडकली. "पण तुला सांगितलं कुणी होतं नाचायला? मी म्हटलं होतं? बसून टाळ्या वाजवल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?" आणि मग रडायलाच लागली, आणि रडत रडत घरातली भांडी घासून, पाणी भरून, कपडे वाळत घालून, सासरची वेळ झाली म्हणून निघून गेली. काळजीपोटी बोलली, दलेंदाला कळत होतं. पण प्रश्न घरात राहिला. ती भिंतीला टेकून बसली आणि त्या गाण्याची आठवण काढायला लागली. आजवर दुखणं फार वर आलं की ती तेच करायची: मनगटांवरून गेलेला तो वारा, पायाखालची ओलसर फरशी, छातीत वाजणारा डफ. त्या आठवणीत ती आत असायची, स्वतःच्या अंगाच्या आत, आणि अंग दुखत नसायचं. आज ती आत जाईना. आज तिला दिसली काचेतली एक बाई, गोल गालांची, तोंड वासलेली, सोन्याची दाढ दाखवणारी. येणारेजाणारे थांबून बघतायत, सी शेदली डोळा बारीक करतोय, एक नीटस माणूस कामावर जाता जाता कौतुकानं मान हलवतोय. तिनं डोळे घट्ट मिटले, डफाचा ठेका तोंडानं धरून बघितला. वारा काही आला नाही. पैसे नाकारले ते नाकारले, ते दुसऱ्यांचे होते. पण हे तर तिचं होतं! हेही त्यांनी तपासून घेतलं आणि परत दिलंच नाही.

कारखान्यात मुकादम जलूलनं कागद वाचला, उलटा करून मागं बघितलं, आणि म्हणाला, "हलकं? इथं तर बर्फसुद्धा हलका नाही." तरी त्यानं तिला घालवलं नाही. फाटकावर बायकांच्या पिशव्या तपासणारी बाई बाळंतपणाला गेली होती. "बसायचं, बघायचं. तारलीचे डबे जातात चोरून बाहेर. त्याहून हलकं काम माझ्याकडे नाही." फाटकापाशी एक टेबल आणि स्टूल. सुट्टीचा भोंगा झाला की बायका रांगेनं यायच्या, ओले झगे, लालबुंद बोटं, आणि तो वास. पहिल्या दिवशी दलेंदाला वाटलं आपण टेबलाखाली शिरावं. या बायकांबरोबर ती रांगेत उभी राहिली होती, टेबलामागच्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पहिली पिशवी समोर आली. तिला आकड्याचा चाप होता, घट्ट. दलेंदाची बोटं त्या चापावर चाचपडत राहिली. मग त्या बाईनंच हात पुढं केला, चाप उघडला, पिशवीचं तोंड फाकवून धरलं आणि म्हणाली, "बघ." मागच्या बाईनं टेबलाशी यायच्या आधीच आपली उघडली. तिच्या मागचीनंही. असं ते रोजचंच झालं. उघड्या पिशव्या समोरून जायच्या, आणि त्यात फणी, मुलाचा एखादा मोजा, शिळी रोटी, देवाचं नाव लिहिलेला कागद, दुसऱ्यांच्या घरातलं सगळं उघडंवाघडं. दलेंदा नजर टाकल्यासारखं करायची आणि म्हणायची, जा. क्वचित एखाद्या फडक्याखाली डब्याची गोल कड दिसायची. तेव्हाही ती म्हणायची, जा. कुणी आभार मानले नाहीत आणि तिलाही ते नको होते. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच तिला असं वाटायला लागलं होतं की हे असंच चाललं तर आपलं निभेल.

मग एकदा मुकादम म्हणाला, "डबे पूर्वीपेक्षा जास्त जातायत. तू बघतेस की झोपतेस?" आणि त्या संध्याकाळी तो फाटकाशीच पेट्या मोजत उभा राहिला. बायकांना ते दिसलं. पुढच्या दोघी-तिघी नुसत्याच पिशव्या दाखवून गेल्या. मबरूका मात्र रांगेत मागून गप्पा मारत, कुणाला तरी चिमटे काढत आली. तिनं मुकादमाला बघितलंच नसावं. पाठ वाकडी झाली होती, पण तोंड तेच. तिनं पिशवी टेबलावर ठेवून उघडली, वर रोटीचं फडकं होतं, फडक्याखाली डबा, सरळ सरळ, झाकायचे कष्टही घेतले नव्हते. दलेंदा म्हणाली, "जा." आणि मबरूका मागं वळून, त्याच मायेच्या चेष्टेच्या सुरात, जशी ती आयुष्यभर बोलत आली होती तशी, साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हिला काय कळतंय! हात मेलेत गं बिचारीचे. आपणच उघडायचं, आपणच मिटायचं!"

बायका हसल्या. पेट्यांशी मुकादमानं मान वर केली.

"काय म्हणते ही? हात चालत नाहीत तुझे?"

हसणं थांबलं. किती साधा प्रश्न. एवढ्या डॉक्टरांपुढे जे पटवता आलं नाही ते इथं नुसतं 'हो' म्हटलं की सगळ्यांना पटणार होतं, दाखला लागणार नव्हता. मग फाटकाबाहेर. मग घर. मग घरात काय?

"चालतात," दलेंदा म्हणाली.

"बघू."

नंतर कितीदातरी तिनं आठवून बघितलं की त्या वेळी आपण काही ठरवलं होतं का. ठरवलं नव्हतं. मबरूका पिशवी मिटतच होती, आणि दलेंदाचा हात आत गेला. फडकं बाजूला झालं. पत्रा गार होता, आणि बोटं त्याच्याभोवती एकेक करून वळली, घट्ट, पुरती, दुखण्याचा लोळ कोपरापर्यंत गेला तरी सुटली नाहीत. तिनं डबा वर काढला आणि टेबलावर ठेवला. टेबल लाकडी होतं. आवाज फाटकाबाहेर गेला.

"उद्यापासून येऊ नकोस," मुकादम मबरूकाला म्हणाला. ओरडला नाही. तो परत पेट्या मोजायला लागला.

मबरूकानं फडक्याची घडी केली. ती दलेंदाच्या तोंडाकडे बघत नव्हती, तिच्या हाताकडे बघत होती, त्या अजून डब्यावर असलेल्या हाताकडे. मग म्हणाली, "चांगली बरी झालीस की गं," आणि कमरेवर हात ठेवून, हळूहळू, फाटकाबाहेर गेली.

मागची बाई पुढं आली. तिनं आपली पिशवी टेबलावर ठेवली, चाप लावलेली, आणि दोन्ही हात झग्याच्या खिशात घालून उभी राहिली. तिच्या मागच्याही सगळ्या तशाच उभ्या होत्या. कुणाला घाई नव्हती. दलेंदानं चापावर अंगठा ठेवला.